जॅग्वारचे जनक सर विल्यम लायन्स

भांडवलावाचून धंदा कसा करावा, हा प्रश्न आपल्या ज्ञातीतील तरुण वारंवार विचारतात. त्यांनी व त्यांच्या वडीलधाऱ्यांनीही सर विल्यम लायन्स यांचे चरित्र अवश्य अभ्यासावे.

इंग्लंडातील ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावी ४ सप्टेंबर १९०१ रोजी त्यांचा जन्म झाला. वडिलांचे वाद्यांचे दुकान होते. शेजारचे विल्यम वॉम्स्ले मोटारसायकलला जोडावयाच्या साइडकार घरीच बनवीत. तिचा सुबक घाट लायन्स यांच्या मनात भरला आणि त्यांनी भागीदारीचा विचार मांडला. उभयतांच्या वडिलांनी जामीन राहून बँकेकडून १००० पौंडांची सोय करून दिली. लायन्स कायद्याने सज्ञान होताच, १९२२ साली, 'स्वॅलो साइडकार कंपनी' सुरू झाली.

ऑस्टिन सेव्हन ही त्या काळची स्वस्त, चिमुकली मोटार. दिसावयास मात्र अगदी साधी. १९२७ साली लायन्स यांनी तिच्या चासीवर डौलदार बॉडी चढविली. यंत्र तेच, चाके तीच; परंतु मध्यम स्थितीतील गृहस्थास श्रीमंती थाटाची गाडी १७५ पौंडांत मिळू लागली. हेन्लीज या विक्रेत्यांनी एकदम ५०० गाड्या मागितल्या. जागा अपुरी पडू लागली, तेव्हा १९२८ साली कारखाना कॉव्हेंट्री या मोटारधंद्याच्या माहेरघरी हलविण्यात आला.

१९३१ साली त्यांची 'एस. एस.' गाडी निघाली व १९३५ साली 'जॅग्वार' हे नाव आले. हिटलरच्या सैनिकांमुळे 'एस. एस.' ही अक्षरे कलंकित झाल्याने १९४५ साली कंपनीनेही तेच नाव धारण केले. लायन्स स्वतः कागदावर आराखडे काढीत नसत. कारागिरांकडून पूर्णाकृती नमुना करवून, तो मनास येईतो बदलीत.

१९५५ साली त्यांचे एकुलते एक चिरंजीव जॉन, फ्रान्समधील ल मां येथील शर्यतीस जात असता, मोटार-अपघातात निवर्तले. त्या शर्यतीत जॅग्वारच पहिली आली; परंतु ज्याच्या हाती कारखाना सोपवावयाचा, तोच उरला नाही. तरीही लायन्स यांनी काम सोडले नाही. १९५६ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला, १९७२ साली ते निवृत्त झाले आणि ८ फेब्रुवारी १९८५ रोजी कालवश झाले.

एवढ्या वैभवाच्या मुळाशी दोन पित्यांची जामिनकी होती. आपल्या ज्ञातीतही होतकरू तरुण आहेत. त्यांना जामीन राहणारे वडीलधारे मिळोत, हीच प्रार्थना.