अ‍ॅटलासच्या वाटेवर : जॉन बॉल

आयर्लंड हा देश आपल्या मॉरिशससारखाच समुद्राने वेढलेला आहे. तेथील डब्लिन शहरात 20 ऑगस्ट 1818 रोजी जॉन बॉल यांचा जन्म झाला. लहानपणापासून त्यांना झाडाझुडपांची आवड होती. केंब्रिज विद्यापीठात 1841 साली गणितात ते चमकले, पण कॅथलिक असल्यामुळे त्यांना पदवी मिळाली नाही. तेव्हा तसा नियमच होता.

पुढे आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजले आणि भयंकर दुष्काळ पडला. 1846 साली बॉल गरिबांच्या मदतीच्या सरकारी खात्यात रुजू झाले. या कामात त्यांची प्रकृती ढासळली. 1852 साली कार्लोच्या मतदारांनी त्यांना पार्लमेंटात पाठवले. 1855 ते 1857 या काळात ते वसाहत खात्याचे उपमंत्री होते. मॉरिशसचा कारभारही याच खात्याकडे होता आणि आपले पूर्वज त्याच सुमारास मुंबईहून जहाजाने येथे येत होते.

राजकारण सुटले तरी पर्वत सुटले नाहीत. लंडनच्या अल्पाइन क्लबचे ते पहिले अध्यक्ष झाले. आल्प्समध्ये हिंडणाऱ्यांसाठी त्यांनी वाटांची माहिती देणारे मार्गदर्शक ग्रंथही लिहिले.

1871 साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, ते वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकर आणि जॉर्ज मॉ यांच्याबरोबर मोरोक्कोतील अ‍ॅटलास पर्वताकडे निघाले. आल्प्समधील फुलझाडे आफ्रिकेच्या या उंच पर्वतावरही आढळतात का, हे त्यांना पाहायचे होते. युरोपियनांना त्या भागात सहसा प्रवेश नसे. म्हणून ब्रिटिश वकिलामार्फत आधी सुलतानाची परवानगी मिळवली. मग खेचरे, दुभाषा, शिपाई, उंची मोजण्याची साधने, झाडे दाबून वाळवण्याचे कागद, अशी सारी जमवाजमव झाली.

पहिल्या चढाईत खिंडीजवळ बर्फाच्या वादळाने त्यांना गाठले. हट्ट न धरता ते माघारी फिरले. नंतर त्यांनी दुसऱ्या बाजूचे जेबेल तेझा हे शिखर गाठले. त्याची उंची अकरा हजार फुटांहून अधिक आहे. आपले सर्वांत उंच शिखर 828 मीटरचे, म्हणजे पावणेतीन हजार फुटांच्या आतले आहे, यावरून कल्पना करावी.

अ‍ॅटलासमधील सर्वांत उंच शिखर तुबकाल (4,167 मीटर) त्यांना चढता आले नाही. त्यावर युरोपियनांचे पाऊल 1923 साली पडले. पण बॉल आणि हुकर यांनी 1878 साली प्रसिद्ध केलेले प्रवासवर्णन पुढच्या प्रवाशांच्या उपयोगी पडले. 21 ऑक्टोबर 1889 रोजी बॉल यांचे निधन झाले.

डोंगर चढण्याआधी तयारी हवी, आभाळ फिरले तर मागे वळण्याचे धैर्य हवे, आणि मागून येणाऱ्यांसाठी वाट लिहून ठेवावी. आपल्या मुलांना सांगण्यासारखे हे चरित्र आहे.