ग्लेन कर्टिस

ग्लेन हॅमंड कर्टिस (२१ मे, १८७८:हॅमंड्सपोर्ट, न्यू यॉर्क, अमेरिका - २३ जुलै, १९३०:बफेलो, न्यू यॉर्क, अमेरिका) हे अमेरिकन संशोधक, वैमानिक व उद्योजक होते. मोटारसायकली, विमानांची इंजिने आणि जलविमाने यांसाठी ते प्रसिद्ध आहेत. आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांनी तयार केलेला एरोकार हा निवासी ट्रेलर तुलनेने कमी परिचित आहे. मोटारीच्या मागच्या भागावर पुढचा भार टेकवून ओढल्या जाणाऱ्या, पाचवे चाक (फिफ्थ व्हील) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निवासी ट्रेलरांचा तो पूर्वज मानला जातो.

== बालपण ==
कर्टिस यांचा जन्म क्यूका सरोवराकाठच्या हॅमंड्सपोर्ट या द्राक्षबागांच्या गावी झाला. वडील फ्रँक घोड्यांचा साज तयार करण्याचा व्यवसाय करीत. ग्लेन लहान असतानाच त्यांचे निधन झाले. धाकटी बहीण रुथा हिला आजारपणात बहिरेपणा आला. तिच्या शिक्षणासाठी कुटुंब रॉचेस्टरला गेले. ग्लेन यांचे शालेय शिक्षण आठवीपर्यंतच झाले. त्यानंतर त्यांनी छायाचित्रणाचे साहित्य बनविणाऱ्या ईस्टमन कंपनीत आणि सायकलवरून तारा पोहोचविण्याचे काम केले. सायकल शर्यतींत भाग घेता घेता ते सायकली दुरुस्त करू लागले आणि पुढे हॅमंड्सपोर्टला त्यांनी स्वतःचे दुकान काढले. १८९८ मध्ये त्यांचा लीना नेफ यांच्याशी विवाह झाला.

== मोटारसायकली ==
सायकलीला इंजिन बसविण्याच्या पहिल्या प्रयोगात कर्टिस यांनी टोमॅटो सूपच्या डब्यापासून कार्ब्युरेटर केला होता. हलके पण ताकदवान इंजिन हे पुढे त्यांचे वैशिष्ट्य ठरले. २४ जानेवारी, १९०७ रोजी फ्लोरिडातील ऑर्मंड बीचच्या वाळूवर आठ सिलिंडरांच्या मोटारसायकलीवरून त्यांनी ताशी १३६.३६ मैल (सुमारे २१९ किमी) वेग गाठला. परतीच्या फेरीत इंजिनाची शक्ती चाकापर्यंत नेणारा सांधा तुटल्याने दुसरी नोंद होऊ शकली नाही. इंजिनाने दिलेली ताकद सांध्यांना आणि सांगाड्याला पेलली पाहिजे, हा प्रश्न त्यांच्यापुढे नंतरही अनेकदा आला.

== विमाने आणि पेटंटचा वाद ==
थॉमस बाल्डविन यांनी आपल्या हवाई जहाजासाठी कर्टिस यांचे इंजिन वापरल्याने त्यांचा विमानविद्येशी संबंध आला. १९०७ मध्ये टेलिफोनचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी स्थापलेल्या प्रयोगमंडळात ते सहभागी झाले. ४ जुलै, १९०८ रोजी 'जून बग' हे विमान त्यांनी हॅमंड्सपोर्टजवळ ५,०८० फूट उडविले. एक किलोमीटरहून लांब असलेल्या या जाहीर उड्डाणाबद्दल त्यांना सायंटिफिक अमेरिकन करंडक मिळाला. १९०९ मध्ये फ्रान्समधील र्‍हॅंस येथे त्यांनी गॉर्डन बेनेट चषक जिंकला. २९ मे, १९१० रोजी ते ऑल्बनीहून हडसन नदीच्या मार्गाने न्यू यॉर्कला विमानाने गेले व त्यांनी १०,००० डॉलरचे बक्षीस मिळविले. २६ जानेवारी, १९११ रोजी त्यांनी सॅन डिएगो येथे पाण्यावरून विमान उडवून पुन्हा पाण्यावर उतरविले.

या यशाबरोबर राईट बंधूंशी कडवा संघर्षही सुरू झाला. विमानाचा तोल सांभाळण्याच्या आपल्या पेटंटचा भंग झाल्याचा दावा राईट बंधूंनी १९०९ मध्ये दाखल केला व १९१४ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्याच वर्षी सॅम्युएल लँगली यांचे जुने विमान दुरुस्त करून उडवून दाखविण्याच्या प्रयोगात कर्टिस यांनी भाग घेतला. मूळ विमानात बरेच बदल केलेले असल्याने त्या प्रयोगावर झालेली टीका रास्त होती. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरल्यावर उत्पादकांनी पेटंटे एकत्र वापरण्याची व्यवस्था केली आणि वाद मागे पडला. कर्टिस कंपनीच्या 'जेनी' विमानांवर हजारो वैमानिकांनी शिक्षण घेतले. पुढे १९२९ मध्ये दोन्ही प्रतिस्पर्ध्यांची नावे लावणाऱ्या कंपन्या एकत्र येऊन कर्टिस-राईट ही कंपनी झाली.

== फ्लोरिडा आणि एरोकार ==
युद्धानंतर कर्टिस विमान उद्योगाच्या दैनंदिन कारभारातून बाजूला झाले. फ्लोरिडात जेम्स ब्राइट यांच्यासह त्यांनी हायालीया व आजचे मायामी स्प्रिंग्ज ही गावे वसविली. घुमट व मिनार असलेल्या इमारतींचे ओपा-लोका हेही त्यांनीच उभारले. सप्टेंबर १९२६ च्या चक्रीवादळाने या परिसराचे मोठे नुकसान केले.

कर्टिस यांना शिकारीची व रानात मुक्काम करण्याची आवड होती. त्या काळी मोटारीमागे जोडलेला ट्रेलर कच्च्या रस्त्यावर आदळत, डुलत चाले. सावत्र भाऊ कार्ल ॲडम्स यांच्याबरोबर त्यांनी आधी एक घडीच्या बिछान्यांचा ट्रेलर तयार केला. १९२८ मध्ये ओपा-लोका येथे एरोकार कंपनी सुरू झाली.

एरोकारची बांधणी विमानाच्या धडासारखी होती. हलक्या लाकडी चौकटीत तिरप्या तारा ताणून बसविलेल्या असत. त्यामुळे आकाराच्या मानाने वजन कमी राही आणि खाली जड पोलादी सांगाड्याची गरज पडत नसे. मागे एकच आस व दोन चाके होती. पुढचा भार मोटारीच्या मागील आसाच्या आसपास येई. तेथे हवा भरलेला एक टायर आडवा बसविलेला असे व ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा खुंटा त्याच्या मधोमध अडके. मोटार सुरू होताना, थांबताना किंवा वळताना बसणारा हिसका लोखंडावर लोखंड आदळण्याऐवजी या टायरमध्ये जिरे. भार मोटारीच्या शेपटीमागे लटकत नसल्याने तिची पुढची चाके उचलली जात नसत आणि ट्रेलरचे डुलणेही कमी होई.

कर्टिस यांना पाचव्या चाकाचे जनक म्हटले जाते, ते काटेकोरपणे बरोबर नाही. घोडागाडीची पुढची आस वळावी म्हणून बसविलेल्या आडव्या कड्यालाच पाचवे चाक म्हणत आणि मालमोटारींतही तशी जोडणी आली होती. निवासी ट्रेलरसाठी त्या कड्याच्या जागी हवेचा टायर आणणे ही मात्र त्यांची कल्पना होती.

== नंतरचे ट्रेलर ==
पुढे पिकअप मोटारीच्या हौद्यात लोखंडी तबकडी बसवून तीत ट्रेलरचा खुंटा अडकविण्याची पद्धत रूढ झाली. ट्रेलर कित्येक टनांचे झाले, हवेचा टायर गेला आणि रस्त्याचे धक्के सोसण्याचे काम मुख्यतः चाकांवरील निलंबनावर आले. यात साधारणतः दोन आसांवर कमान पाट्यांचे संच असतात. दोन्ही आसांमध्ये भार वाटून देणारा तराजूसारखा दुवा असतो व तो शॅकल नावाच्या पट्ट्यांनी पाट्यांना जोडलेला असतो. प्रत्येक सांध्यात बोल्टभोवती बुश असते, आणि झीज सहसा येथूनच सुरू होते. नायलॉनचे बुश संपले की बोल्ट थेट लोखंडावर घासतो, शॅकलची भोके लांबट होतात आणि आस किंचित तिरकी होते. टायर एका बाजूने झिजणे हे याचे बाहेरून दिसणारे लक्षण आहे. पण अनेकदा मालक टायरच बदलतात आणि मूळ दोष तसाच राहतो. दुर्लक्ष झाल्यास मधला दुवा उलटू शकतो किंवा पाटा तुटून आस सरकते.

जुन्या ट्रेलरची दुरुस्ती करताना चाकांना अडण्या लावून सांगाडा जॅकने उचलतात आणि भक्कम आधारांवर टेकवितात. आसेचा भार वेगळ्या जॅकवर घेतल्यावरच बोल्ट काढता येतात. नायलॉनच्या जागी कांस्याचे बुश, ग्रीस भरता येईल असे पोकळ बोल्ट आणि जाड शॅकल घालण्याची पद्धत आहे. सांगाड्याला जोडलेल्या कानांची भोके वाढली असतील, तर नवे बुशही लवकर झिजते; म्हणून ते कानही तपासावे लागतात. नट ठरलेल्या जोराने आवळून काही अंतर चालविल्यावर ते पुन्हा तपासतात. मधल्या दुव्यात रबर बसविलेले प्रकारही मिळतात. धक्क्याच्या वाटेत रबर घालण्याची एरोकारमधील कल्पना जोडणीतून गेली, ती अशी चाकांपाशी परत आली.

== मृत्यू ==
१९३० च्या उन्हाळ्यात जुन्या भागीदारीतून निघालेल्या दाव्यासाठी कर्टिस यांना रॉचेस्टरच्या न्यायालयात हजर राहावे लागत होते. त्याच काळात त्यांना आंत्रपुच्छाचा त्रास झाला. बफेलो येथे शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून २३ जुलै रोजी वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन हॅमंड्सपोर्ट येथे करण्यात आले. एरोकारचे उत्पादन त्यानंतरही १९३० च्या दशकात चालू होते. हॅमंड्सपोर्टमधील त्यांच्या नावाच्या संग्रहालयात त्यांच्या मोटारसायकली व विमानांबरोबर एरोकारही ठेवलेली आहे.