द्राक्षांच्या मळ्यातून समाजशास्त्राकडे

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा मी खरं तर शाळेच्या आठवणीच लिहिणार होते. पण त्या आठवड्यात आमच्या घरी दुसराच विषय पेटला होता. बारावी झालेल्या लेकीला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पदवीसाठी प्रवेश मिळाला, आणि विषय होता समाजशास्त्र. मी कॉम्प्युटर इंजिनिअर, नवरा मेकॅनिकल. कर्ज काढून परदेशी जायचं आणि शिकायचं काय, तर समाजशास्त्र? नातेवाईक विचारतील म्हणून मी घाबरत होते, पण त्यांच्याआधी हा प्रश्न मीच विचारून मोकळी झाले. लेकीने वाद घातला नाही. जयप्रकाश नारायणांनी तिथे काय शिकलं ते आधी वाच, एवढंच सांगून ती खोलीत गेली.

मित्रमैत्रिणींनो, आपल्याला जेपी माहीत होते ते परीक्षेपुरते. आणीबाणी, संपूर्ण क्रांती, दोन गुण. ते सात वर्षं अमेरिकेत विद्यार्थी होते, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

जयप्रकाशजींचा जन्म ११ ऑक्टोबर १९०२ चा. गंगा आणि शरयूच्या संगमाजवळचं सिताबदियारा हे त्यांचं गाव. वडील हरसू दयाल कालवा खात्यात नोकरीला. मुलगा हुशार म्हणून लहानपणीच शिकायला पाटण्याला पाठवला. तिथे कॉलेजात तो विज्ञान शिकत होता. १९२० मध्ये प्रभावतींशी लग्न झालं. पुढच्याच वर्षी मौलाना आझादांचं भाषण ऐकून, परीक्षा तोंडावर आलेली असताना त्याने सरकारी मदतीवर चालणारं कॉलेज सोडलं. असहकाराचे दिवस होते ते. पण शिक्षणाची भूक काही सुटली नव्हती. इथल्या सरकारी पैशाचं शिक्षण नको, मग अमेरिकेला जाऊ, असं ठरलं. १९२२ मध्ये मालवाहू जहाजाने निघून तो ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाला पोहोचला. वय वीस वर्षं. प्रभावती साबरमतीला गांधीजी आणि कस्तुरबांजवळ राहिल्या.

बर्कलेच्या विद्यापीठात नवं सत्र जानेवारीत सुरू होणार होतं. तोवर खायचं काय? म्हणून हा कॉलेजकुमार हिंदुस्थानी मजुरांच्या टोळीबरोबर द्राक्षांच्या मळ्यात राबला. द्राक्षं वाळवायची, फळं निवडून भरायची. पुढे शिकता शिकता त्याने उपाहारगृहात बशा विसळल्या, कत्तलखान्यात काम केलं, गॅरेजमध्ये हात काळे केले, दारोदार क्रीम आणि लोशनं विकली. आज परदेशी विद्यार्थ्याच्या व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारातच आणि आठवड्याला २० तासच काम करता येतं. लेकीच्या खर्चाचा तक्ता मी एक्सेलमध्ये मांडला होता, त्यात हे २० तास धरले होते. जेपींच्या वाटचालीचा तक्ता मला काही मांडता आला नसता.

बर्कलेत त्यांचा विषय रसायनशास्त्र होता. ते तिथे शिकत असतानाच, फेब्रुवारी १९२३ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला. हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. म्हणजे राबायला चालेल, पण आपला म्हणणार नाही. पुढे बर्कलेची फी वाढली, ती परवडेना, म्हणून जेपी आयोवाला गेले, तिथून विस्कॉन्सिनला. तिथे त्यांना मार्क्स भेटला, मानवेंद्रनाथ रॉय यांचं लेखन वाचायला मिळालं, आणि विज्ञान मागे पडून समाजशास्त्र पुढे आलं.

इथे मी वाचता वाचता थांबले. विज्ञान सोडून समाजशास्त्र! आमच्या घरी याला वाया जाणं म्हणतात. पण मला वाटतं, तो बदल वर्गात झालाच नसावा. ज्याने मळ्यातला मजूर, उपाहारगृहातला भांडीवाला आणि विद्यापीठातला विद्यार्थी ही तिन्ही आयुष्यं एकाच वर्षात जगली, त्याला एक माणूस वर आणि दुसरा खाली का, हा प्रश्न पडणारच. परीक्षानळीत त्याचं उत्तर नव्हतं.

मध्ये शिकागोत मोठं आजारपण काढून, शेवटी ओहायो राज्य विद्यापीठातून त्यांनी पदवी घेतली आणि १९२९ मध्ये समाजशास्त्राचं एम.ए. पूर्ण केलं. प्रबंधाचा विषय होता समाजाच्या संस्कृतीत बदल कसे घडतात. पीएच.डी. करायची होती, पण आई आजारी असल्याची बातमी आली आणि ते परतले.

घरी आले तर पत्नीने ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेलं. या सात वर्षांचा हिशेब सांगताना बशा आणि द्राक्षं सगळे सांगतात. प्रभावतींची सात वर्षं कोणी फारशी मोजत नाही. जेपींनी मात्र त्या व्रताचा मान आयुष्यभर राखला. त्यांना मूलबाळ झालं नाही. प्रभावतींनी पाटण्यात महिला चरखा समिती उभी केली आणि जेपींचा शेवटचा श्वासही तिथल्याच घरात गेला.

त्या पदवीचं पुढे काय झालं? पदवीवर पोट भरण्यापेक्षा ते काँग्रेसच्या कामात शिरले. १९३२ मध्ये अटक झाली आणि रवानगी आपल्या नाशिकच्या तुरुंगात. तिथे अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता यांच्याबरोबरच्या चर्चांतून १९३४ चा काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. १९४२ मध्ये दिवाळीच्या रात्री हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडून ते निसटले. स्वातंत्र्यानंतर सत्तेपासून दूर राहिले आणि १९५४ मध्ये भूदानाला जीवनदान दिलं. १९७२ मध्ये चंबळच्या शेकडो डाकूंनी त्यांच्यासमोर शस्त्रं खाली ठेवली. डाकूला गुन्हेगार म्हणून संपवता येतं, पण तो डाकू का झाला हे विचारायला वेगळी नजर लागते. ती नजर अमेरिकेत घडायला लागली असं मला वाटतं.

पुढचं आपल्याला ठाऊक आहे. १९७४ चं बिहार आंदोलन, १९७५ ची अटक, तुरुंगातच बिघडलेली मूत्रपिंडं, मुंबईच्या जसलोकमधलं डायलिसिस, १९७७ चं सत्तांतर आणि त्यानंतर त्याच सरकारची भांडणं. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी ते गेले. त्यांनी जोडलेलं सरकार त्याआधीच पडलं होतं. म्हणजे समाजशास्त्र शिकलेल्या माणसालाही समाज पूर्ण कळतो असं नाही.

हे सगळं वाचून माझी भीती गेली का? नाही. कर्ज कर्जच असतं, आणि माझी लेक काही जेपी नाही. पण शिक्षणाकडे मी आजवर पगाराच्या आकड्यातूनच पाहत आले, एवढं मला दिसलं. गेल्या आठवड्यात बँकेत जाऊन सहकर्जदार म्हणून सही केली. तिला एकच अट घातली. दर रविवारी आजीला फोन करायचा, आणि फक्त गुण नाही, कोणाबरोबर काम केलंस तेही सांगायचं.

मेळाव्याला तीही येणार आहे, निघायच्या आदल्याच आठवड्यात. तिला भेटाल तेव्हा नोकरी कुठे मिळेल ते विचारू नका. काय शिकणार आहेस ते विचारा. मीही अजून नीट विचारलेलं नाही.