सर्कशीतल्या बाईची टिंगल झाली, तेव्हा मेंदूच्या डॉक्टरने थेट मासिकालाच पत्र धाडलं होतं

साल १९२७. अमेरिकेतल्या टाइम मासिकाने एका बाईचा फोटो छापला. ही बाई सर्कशीच्या तंबूत बसायची आणि लोक तिकीट काढून तिचा चेहरा बघायला यायचे. जगातली सगळ्यात कुरूप बाई, अशी तिची जाहिरात व्हायची. मासिकानेही त्याच सुरात गंमत केली.

थोड्याच दिवसांत मासिकाकडे एक पत्र आलं. लिहिणारे होते डॉ. हार्वे कुशिंग, त्या काळातले मेंदूचे सगळ्यात नावाजलेले सर्जन. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ही बाई कुरूप नाही, आजारी आहे, आणि आजारावर हसायचं नसतं.

ती होती मेरी अॅन बेव्हन. मूळची लंडनची नर्स. नवरा वारलेला, पदरात चार मुलं. वयात आल्यानंतर तिचा जबडा, नाक, हात वाढत गेले आणि चेहरा ओळखू येईना. या आजाराला अॅक्रोमेगली म्हणतात.

पण नुसत्या फोटोवरून कुशिंग यांना हे कसं कळलं? कारण त्यांची वीस वर्षं एका वाटाण्याएवढ्या ग्रंथीमागे गेली होती. तिचं नाव पिट्युटरी, शाळेच्या पुस्तकातली पियूषिका ग्रंथी. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे हाडाच्या खोबणीत ती बसलेली असते. उंची, पाळी, दूध, थायरॉइड, अॅड्रेनल, सगळ्यांना हुकूम इथून सुटतो. तिथे गाठ झाली की दोन प्रकारे त्रास होतो. एक तर हार्मोन कमी-जास्त होतात. दुसरं म्हणजे गाठ वर सरकून डोळ्यांच्या नसा दाबते आणि नजर दोन्ही बाजूंनी आत आत येत जाते.

कुशिंग यांचा जन्म १८६९ चा, ओहायोतल्या क्लीव्हलँडचा. घरात डॉक्टरकी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. हार्वर्डला शिकत असताना त्यांनी इथर देऊन भूल दिलेला एक पेशंट टेबलावरच दगावला. त्या काळी भूल द्यायचं काम विद्यार्थ्यांवर सोपवलं जायचं, हे आज वाचून धक्का बसतो. कुशिंग यांनी मग मित्राला सोबत घेऊन ऑपरेशन चालू असताना नाडी आणि श्वासाची नोंद ठेवणारा तक्ता बनवला. १९०१ मध्ये इटलीतून परतताना त्यांनी रक्तदाब मोजायचा पट्टा सोबत आणला. आज ऑपरेशन थिएटरमध्ये मॉनिटर दिसतो, त्याची सुरुवात अशा कागदांवर झाली.

१९१० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात त्यांच्यासमोर २३ वर्षांची एक मुलगी आली. कागदोपत्री तिची नोंद मिनी जी. अशी आहे. पोट सुटलेलं, चेहरा गोल, अंगावर लव वाढलेली, पाळी बंद, कातडीवर जांभळट वळ. कुशिंग यांचा संशय पिट्युटरीवर गेला. पण पुरावा कुठून आणणार? सीटी नाही, एमआरआय नाही, रक्तातलं हार्मोन मोजायची सोय नाही. कवटीच्या एक्स-रेमध्ये मोठी गाठ असेल तरच खोबण रुंदावलेली दिसायची. १९१२ च्या पुस्तकात त्यांनी तिची केस मांडली, पण गुंता तसाच राहिला.

ज्यांची गाठ मोठी होती त्यांच्यावर मात्र उपाय करता येत होता. वरच्या ओठाखाली काप घेऊन, नाकाच्या मधून कुशिंग ग्रंथीपर्यंत पोचायचे. या वाटेने गाठ काढायची सुरुवात ऑस्ट्रियात आधीच झाली होती, पण कुशिंग यांनी ती घोटून घोटून भरवशाची केली. १९१० ते १९२५ मध्ये त्यांनी अशी २३१ ऑपरेशनं केली आणि दगावणाऱ्यांचं प्रमाण होतं ५.६ टक्के. अँटिबायोटिक नसलेल्या काळात हा आकडा थक्क करणारा आहे.

माणूस म्हणून कुशिंग सोपे नव्हते. सहकाऱ्यांना टाकून बोलायचे, घरी वेळ द्यायचे नाहीत. जून १९२६ मध्ये त्यांचा मोठा मुलगा कार अपघातात गेला. बातमी कळल्यावर त्यांनी बायकोला फोन केला आणि ठरलेलं ऑपरेशन करायला निघून गेले. याला निष्ठा म्हणायचं की आणखी काही, हे ज्याचं त्याने ठरवावं. त्याच वर्षी त्यांना डॉ. विल्यम ऑस्लर यांच्या चरित्रासाठी पुलित्झर मिळालं.

१९३२ मध्ये, मिनीची केस पाहिल्यावर २२ वर्षांनी, कुशिंग यांनी तसेच १२ पेशंट एकत्र मांडले. पिट्युटरीतली अगदी बारीक गाठच हे सगळं करते, असा त्यांचा दावा होता. अनेकांना तो पटला नाही. त्यातच नाकावाटे ऑपरेशन त्यांनी स्वतःच सोडून कवटी उघडायचा मार्ग धरला होता, आणि बाकीचे त्यांच्यामागे गेले. १९३९ मध्ये कुशिंग वारले.

जुनी वाट टिकली ती नॉर्मन डॉट या त्यांच्या स्कॉटिश शिष्यामुळे. डॉटकडून ती पॅरिसच्या गियो यांनी घेतली, त्यांच्याकडून माँट्रियलच्या ज्यूल्स हार्डी यांनी. १९६० च्या दशकात हार्डी यांनी मायक्रोस्कोप लावून काही मिलिमीटरच्या गाठी काढल्या, बाकी ग्रंथी शाबूत ठेवली आणि पेशंट बरे झाले. कुशिंग यांचा अंदाज खरा निघाला होता.

आज या आजाराला कुशिंग डिसीज म्हणतात. रात्री कॉर्टिसॉल उतरायला हवं, ते उतरतं का हे रात्रीच्या लाळेवरून बघतात. २४ तासांची लघवी तपासतात. डेक्सामेथासोनची गोळी रात्री देऊन सकाळी रक्त घेतात. मग एसीटीएच हार्मोन आणि एमआरआय. तरीही गाठ सापडली नाही, तर कवटीच्या तळाशी असलेल्या शिरांमधलं रक्त घेऊन ती शोधतात. ऑपरेशन बहुतेक वेळा नाकावाटेच होतं.

पण अशीच लक्षणं सगळ्यात जास्त दिसतात ती स्टेरॉइडच्या गोळ्या, इंजेक्शनं किंवा कडक मलमं बरेच दिवस वापरल्याने. चेहरा गोल होत चालला, जांभळे वळ उठले, तर डॉक्टरांना घेत असलेली सगळी औषधं दाखवा, मेडिकलमधून परस्पर आणलेली ट्यूबसुद्धा. आणि स्टेरॉइड एकदम स्वतःहून बंद करू नका. शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं थांबवलेलं असतं, त्यामुळे अचानक बंद केल्यास जिवावर बेतू शकतं.