खुदाबख्श खान : वालिदांची वसीयत पाळणारा वकील

पाटण्याचे वकील खुदाबख्श खान (1842–1908) यांना वालिद मोहम्मद बख्श यांनी सुमारे 1400 हस्तलिखितं सोपवली. वसीयत एकच: यात भर घालून सर्वांसाठी कुतुबखाना उघड. वकिलीची कमाई खुदाबख्श यांनी किताबांत घातली. अरबस्तान, इजिप्त, इराणपर्यंत माणूस पाठवून दुर्मिळ प्रती आणवल्या. 1891 मध्ये गंगेकाठी सुमारे 4000 हस्तलिखितांसह कुतुबखाना खुला झाला. ब्रिटिश म्युझियमने मोठी रक्कम देऊ केली, तरी त्यांनी तो विकला नाही. ही लोकांची अमानत होती. म्हणूनच तैमूर घराण्याची अकबरकालीन सचित्र तवारीख आजही पाटण्यातच आहे. खुदाबख्श यांची कबरही त्याच आवारात आहे. आपल्याही घरी दादा-परदादांच्या हस्तलिखित किताबा असतील, तर रद्दीत घालू नका, जाणकाराला दाखवा.