श्रीपाद बळवंत तांबे : एका पक्षांतराची कथा

पक्षांतर हा शब्द आज इतका सवयीचा झाला आहे, की त्याचा धक्का बसत नाही. १९२५ च्या ऑक्टोबरमध्ये मात्र अमरावतीच्या एका वकिलाने स्वीकारलेल्या पदामुळे देशाच्या राजकारणात वादळ उठले. ते वकील म्हणजे श्रीपाद बळवंत तांबे.

१८७५ मध्ये जन्मलेल्या तांब्यांचे शिक्षण जबलपूर, अमरावती व मुंबई येथे झाले. अमरावतीला वकिली करताना नगरपालिकेचे उपाध्यक्षपद, प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद आणि कायदे कौन्सिल असा त्यांचा प्रवास झाला. अचलपूरचा वेगळा जिल्हा १९०५ मध्ये अमरावतीत विलीन झाला होता. त्यामुळे या परिसराच्या राजकारणाचे केंद्र अमरावती हेच होते.

१९२३ च्या निवडणुकीत मध्य प्रांत व वऱ्हाडात स्वराज्य पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले. कौन्सिलात शिरायचे ते सरकार चालविण्यासाठी नव्हे, तर द्विदल राज्यपद्धती आतून मोडण्यासाठी, हा पक्षाचा जाहीर संकल्प होता. त्याप्रमाणे १९२४ मध्ये अंदाजपत्रक नामंजूर झाले आणि मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये ठरविण्यात आला. सोपीव खाती गव्हर्नरला स्वतःच्या हाती घ्यावी लागली.

याच पक्षाच्या बळावर तांबे मार्च १९२५ मध्ये कौन्सिलचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी सर मोरोपंत जोशी यांची कार्यकारी मंडळातील जागा रिकामी झाली. गव्हर्नर सर माँटेग्यू बटलर यांनी ती तांब्यांना देऊ केली आणि पक्षाला न विचारता त्यांनी ती घेतली. गृहखात्यासारखी राखीव खाती सांभाळणारा हा सभासद कौन्सिलला जबाबदार नव्हता. म्हणजे ज्या मतदारांनी मोडण्यासाठी पाठविले, त्यांना आता त्याला जाब विचारण्याची सोयही उरली नाही.

मोतीलाल नेहरूंनी या कृतीचा कडक निषेध केला. पण न. चिं. केळकर, मु. रा. जयकर व डॉ. मुंजे यांचा आक्षेप वेगळा होता. विठ्ठलभाई पटेल मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्ष होऊ शकतात आणि खुद्द मोतीलाल सरकारी लष्करी समितीत बसू शकतात, मग एकट्या तांब्यांनाच दोष का, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद विकोपाला जाऊन फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्याला प्रतिसहकार पक्ष उभा राहिला. त्या वर्षाच्या निवडणुकीत प्रांतातील स्वराज्य पक्षाचे बहुमत गेले आणि मंत्रिमंडळ पुन्हा बनू शकले.

अमेरिकेतील खुल्या प्राथमिक निवडणुकीत एका पक्षाचा मतदार दुसऱ्या पक्षाचा उमेदवार ठरविण्यास जाऊ शकतो. तो दुबळा प्रतिस्पर्धी निवडण्यासाठी गेला, की बरा माणूस निवडण्यासाठी, यावर तेथे नीतीची चर्चा चालते. तांब्यांच्या प्रकरणात हाच प्रश्न उलटा उभा राहतो. परक्या घरात मोडण्यासाठी शिरणे हे जर नीतीला धरून असेल, तर तेथे काम करण्यासाठी थांबणे अनीतीचे कसे? उत्तर हेतूत नसून वचनात आहे. स्वराज्य पक्षाने आपला हेतू मतदारांपुढे आधी मांडला होता. तांब्यांनी मार्ग बदलला तो मतदारांना न विचारता. जागा सोडून नव्याने कौल मागितला असता, तर प्रश्न एवढा कटू झाला नसता.

पुढे १९२९ मध्ये तांबे हंगामी गव्हर्नर झाले. १९३० मध्ये ते पहिल्या गोलमेज परिषदेला गेले. १९३२ च्या लोथियन मताधिकार समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसमवेत सभासद असताना त्यांनी चिंतामणी व बखले यांच्यासह भिन्नमतपत्रिका जोडली. एकेकाळी ज्या मतदारांना न विचारता ते पलीकडे गेले होते, त्याच मतदारवर्गाचा विस्तार कसा व्हावा, हे ठरविण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. त्यांच्या कर्तृत्वावर कोणी बोट ठेवले नाही. मात्र निवडून येताना दिलेल्या शब्दाचे काय, हा प्रश्न त्यांच्या नावाला कायमचा चिकटला, आणि वऱ्हाडाला तो आजही परका नाही.