पंडिता रमाबाई आणि केडगावचे मुक्तिसदन

पोरक्या लेकरास पोटाशी धरणे हे पुण्यकर्म होय, असे आपण सारेच म्हणतो. परंतु एका लेकरास एक दिवस जेवू घालणे निराळे आणि दीड हजार लेकरांस वर्षानुवर्षे सांभाळून स्वतःच्या पायांवर उभे करणे निराळे. पहिल्यास दयार्द्र अंतःकरण पुरते. दुसऱ्यास अंतःकरणाबरोबर विहीर, धान्याचे कोठार, हिशेबाची वही, शाळा, कामधंदा आणि लोकनिंदा सोसण्याचे धैर्य लागते. हे दुसरे कार्य ज्या एका स्त्रीने आपल्या महाराष्ट्रात करून दाखविले, त्या पंडिता रमाबाईंचे चरित्र मंडळाच्या सभासद कुटुंबांसमोर ठेवावे, अशा हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

रमाबाई आपल्या ज्ञातीच्या नव्हत्या आणि पुढे त्या हिंदू धर्मातही राहिल्या नाहीत. मग आपल्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र कशास, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर सोपे आहे. मिरजेस १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी मिशनचे इस्पितळ उघडले, तेव्हापासून कुपवाड, सांगली व भोवतालच्या खेड्यांतील सर्व जातींच्या माणसांनी तेथे उपचार घेतले. रोग्याने वैद्याची जात विचारली नाही आणि वैद्याने रोग्याची विचारली नाही. जेथून शिकण्यासारखे आहे तेथून शिकावे, हीच शहाणपणाची रीत होय.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कर्नाटकाकडील घाटमाथ्यावर, गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे पंडित. स्त्रीने संस्कृत शिकणे हे त्या काळी पाप मानीत. शास्त्रीबोवांनी मात्र आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती विद्या शिकविली आणि त्यापायी पंडितांच्या सभेत जाब देण्याचाही प्रसंग सोसला. आईने ती विद्या मुलीस दिली. रमा अवघी सहा महिन्यांची असताना हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. तान्ह्या मुलीस वेताच्या टोपलीत घालून नेले होते. पुढे वर्षानुवर्षे देवळांतून पुराण सांगावे आणि श्रोत्यांनी दिलेल्या शिध्यावर राहावे, असा त्यांचा क्रम होता.

दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा पुराण ऐकण्यास कोण येणार? मोलमजुरीची सवय नाही, हात पसरण्याची लाज वाटते, अशा स्थितीत वडील, आई आणि थोरली बहीण ही तिघे थोड्याथोड्या अंतराने उपासमारीने गेली. रमाबाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. उरला तो एक भाऊ श्रीनिवास. ही दोघे पोरकी भावंडे हजारो मैल पायी हिंडली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीत अंगावर पांघरूण नाही, म्हणून त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून रात्र काढली. हा प्रसंग वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील सारे कार्य याच अनुभवातून उगवले आहे.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या अर्पण केल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जातीबाहेरच्या या विवाहाची मोठी चर्चा झाली. १८८१ साली कन्या मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीच्या विकाराने पती निवर्तले. चोविसाव्या वर्षाच्या आत ही विदुषी आईबापांस, भावास आणि पतीस पारखी झाली.

मांडीवर मूल घेऊन त्या १८८२ साली पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर तयार करण्याची निकड मांडली. पुढील वर्षी त्या शिक्षणासाठी विलायतेस गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहत असता, २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी कन्येसह बाप्तिस्मा घेतला. लंडननजीक फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांस मायेने वागविणारे एक आश्रयगृह त्यांनी पाहिले. त्या दर्शनाचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला.

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि तेथे सुमारे अडीच वर्षे राहिल्या. या काळात त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि गावोगावी व्याख्याने दिली. १८८७ च्या अखेरीस बोस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. त्या मंडळाने दहा वर्षे आर्थिक साह्य देण्याचे वचन दिले. त्यात अशी अट होती की, संस्थेत धर्मोपदेश करू नये आणि प्रत्येक मुलीस आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक असावी.

या साह्याच्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस ‘शारदा सदन’ उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे पुरुष सल्लागार मंडळात होते. केशवपन झालेल्या, घराच्या कोपऱ्यात बसविलेल्या विधवा मुली तेथे पाटी-पुस्तक हाती घेऊ लागल्या.

पुढे जो वाद झाला तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. कांही मुली आपणहून तेथे जाऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने यावर कडाडून टीका केली. १८९३ साली सल्लागार मंडळातील मान्यवरांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. आपण कोणासही बळाने आपल्या धर्मात ओढीत नाही आणि आपली प्रार्थना लपविणारही नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहू, या शब्दावर विसंबून मुली पाठविणाऱ्या पालकांस दार उघडे ठेवणे हाच उपदेश वाटला.

आमच्या मते दोन्ही पक्षांस आपापली बाजू होती. लोकांच्या लेकरांची जबाबदारी घेणाऱ्याने दिलेला शब्द काटेकोर पाळला पाहिजे, हे खरे. शिवाय, अन्नवस्त्रासाठी आपल्या आधीन झालेले मूल धर्माची निवड मोकळेपणाने करू शकते काय, हा प्रश्न आजही कोणत्याही धर्माच्या आश्रमास विचारावा असाच आहे. परंतु याबरोबर दुसराही प्रश्न विचारला पाहिजे. ज्या मुली वादापायी घरी परत नेल्या, त्यांच्या शिक्षणाची सोय त्यांना परत नेणाऱ्यांपैकी कितीजणांनी केली?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका गृहस्थाने कृतीने दिले. शारदा सदनातील पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या बालविधवेशी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. पुढे १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापिली आणि १९०० साली हिंगणे येथे झोपडीत आश्रम नेला. रमाबाईंचा मार्ग ज्यांस पसंत नव्हता, त्यांनी कसे वागावे याचा हा वस्तुपाठ होय.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तेथे गेल्या. मदतछावण्यांत हाडांचे सापळे झालेली लेकरे आणि त्यांस फसवून पळविण्यास टपलेली माणसे त्यांनी पाहिली. झेलमच्या काठी वाळूत रात्र काढणाऱ्या मुलीस ही लेकरे परकी कशी वाटावीत? त्यांनी शेकडो मुली सोबत आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचा कहर होता आणि इतक्या जणींस शहरात ठेवणे शक्य नव्हते. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे, फळबागेतून संस्थेस उत्पन्न व्हावे म्हणून, त्यांनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती. त्या माळावर प्रथम तात्पुरता निवारा उभारला आणि पुढे इमारती बांधल्या. तेच ‘मुक्तिसदन’ होय. अमेरिकन मंडळाच्या साह्याची दहा वर्षे १८९८ साली पुरी झाल्यावर ही संस्था उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून चालू लागली. त्यामुळे धर्माविषयीची संदिग्धता उरली नाही.

१९०० साली, गुजराती बांधव ज्यास ‘छप्पनियो’ म्हणतात त्या दुष्काळात, गुजरातेतूनही मुली आल्या. सदनात राहणाऱ्यांची संख्या दीड हजारावर गेली आणि गोठ्यात शंभराहून अधिक गुरे झाली. ही संख्या वाचून वाचकांनी क्षणभर आपल्या घरातील लग्नकार्याची आठवण करावी. पाचशे पानांची एक पंगत उठविताना आपली तारांबळ उडते. येथे तिप्पट माणसे दोन्ही वेळ जेवणार, आणि तीही रोज! शिवाय आलेल्या मुली उपाशी, आजारी आणि भेदरलेल्या. कोणी अन्न दडवून ठेवी, तर कोणी दुसरीच्या हातचे ओढून घेई. त्यांस भीतीतून बाहेर काढून माणसांत आणावयाचे होते.

हे कसे साधले? पहिली गोष्ट पाण्याची. रमाबाईंनी विहिरी खणविल्या व शेत पिकविले. दुसरी गोष्ट माणसांची. शारदा सदनात शिकून तयार झालेल्या विधवांनी नव्या मुलींच्या तुकड्या सांभाळल्या. काल जी आश्रित होती ती आज शिक्षिका झाली. तिसरी गोष्ट कामाची. मुलींस लिहिणे-वाचणे शिकविलेच, पण त्याबरोबर विणकाम, शिवण, तेलघाणा, शेती, दुभती जनावरे आणि छापखाना ही कामेही शिकविली. अक्षर जुळविण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंतचे काम स्त्रिया करू लागल्या. चौथी गोष्ट अशी की, कोणासही टाकाऊ मानले नाही. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्ध व दुबळ्यांसाठी प्रीतिसदन आणि मुलग्यांसाठी सदानंदसदन अशी निरनिराळी घरे झाली. अंध मुलींस ब्रेल लिपी शिकविण्याच्या कामी कन्या मनोरमाबाईंनी मोठे परिश्रम घेतले.

आम्ही आयुष्यभर प्राथमिक शाळेत मुले शिकविली. घर नसलेले मूल वर्गात कसे बसते, हे आम्हांस ठाऊक आहे. ते शेवटच्या रांगेत बसते, कांही विचारीत नाही आणि कोणी हात उगारला नसतानाही मान खाली घालते. अशा मुलास पहिल्याने जेवण लागते हे खरे, परंतु आपण कोणाच्या तरी कामाचे आहोत ही जाणीव त्यास त्याहूनही अधिक लागते. रमाबाईंनी मुलींच्या हाती सुई, खिळे आणि खुरपे दिले ते याकरिताच, असे आम्हांस वाटते.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून खेड्यातील बाईसही कळेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबलाचे भाषांतर केले. १९१९ साली सरकारने त्यांस कैसर-ई-हिंद सुवर्णपदक दिले. पुढील घाव मात्र फार मोठा होता. जी कन्या संस्थेचा भार उचलणार, ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये आईआधी गेली. रमाबाईंनी भाषांतराचे काम तेवढे हातावेगळे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे देह ठेवला. संस्था त्यांच्या मागे बंद पडली नाही. शंभर वर्षे उलटून गेली, तरी केडगावचे मुक्ती मिशन आजही निराधार मुलींस व स्त्रियांस आश्रय देत आहे. भारत सरकारने १९८९ साली रमाबाईंचे टपाल तिकीट काढले.

आता आपल्याकडे पाहू. कुपवाड हे पूर्वीचे खेडे राहिले नाही. कारखान्यांची वसाहत झाली आणि १९९८ साली सांगली-मिरजेसह महानगरपालिका झाली. दूरदूरचे मजूर येथे पोटासाठी येतात. महापूर येतात, साथी येतात. २०२० व २०२१ च्या महामारीने आईबापांविना केलेली लेकरे दुष्काळातील लेकरांइतकीच निराधार होती. आज कोणी मनास येईल तसे बालगृह काढू शकत नाही, आणि ते योग्यच आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे प्रत्येक संस्थेची नोंदणी झाली पाहिजे आणि निराधार मूल बालकल्याण समितीपुढे नेले पाहिजे. मुलास कोणी परस्पर नेऊ नये, त्याच्या भुकेचा कोणी व्यापार करू नये, यासाठी ही व्यवस्था आहे.

म्हणून मंडळाने लगेच आश्रम काढावा, असे आम्ही म्हणत नाही. आमची सूचना लहान आहे. प्रतिवर्षी आपण गुणवंत विद्यार्थ्यांची यादी करतो, वधूवरांची यादी करतो, देणगीदारांची यादी तर पहिल्याच पानावर छापतो. या सर्वांआधी आणखी एक यादी करावी. ज्यांचे आईबाप गेले अथवा ज्यांस घरात कोणी विचारीत नाही, अशा मुलांची ती असावी. ती छापू नये. कार्यकारी मंडळाने जवळ ठेवावी. कोणाची फी, कोणाची पुस्तके, कोणास दिवाळीत बोलावणारे एक घर, एवढे त्या यादीतून वर्षभर चालवावे. ती करताना पोट-शाखा पाहू नये, आणि शेजारच्या दुसऱ्या ज्ञातीचे मूल त्यात आले तर त्याचे नाव खोडू नये.

ज्या मुलीचे आईबाप दुष्काळाने नेले तिने हजारो मुलींस घर दिले. आपल्यापैकी बहुतेकांस परमेश्वराने आईबाप दिले, घर दिले, ज्ञातिबांधव दिले. तेव्हा आपल्याकडून होणे आहे ते याहून कितीतरी सोपे आहे.